पार्ट मागवण्याआधी : जुन्या मियाटाच्या रेडिएटर फॅनमधला दोष कसा शोधायचा

हायवेवर इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही. गावात शिरलं, दोन सिग्नल लागले, की तोच काटा हळूहळू वर सरकायला लागतो. पहिल्या पिढीची माझदा मियाटा घेतलेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव कधी ना कधी येतो. युरोपात हिला एमएक्स-५ म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती लोकांसमोर आली आणि पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आज पंचविशी ओलांडून गेली आहे. इंजिन दणकट आहे, पण त्याच्यापुढे बसलेलं प्लास्टिक, वायरी आणि कनेक्टर इतकी वर्षं रोज तापत आणि थंड होत आले आहेत.

नवा मालक अशा वेळी पार्ट मागवायला बसतो. आधी थर्मोस्टॅट, मग स्विच, शेवटी अख्खा फॅन. पैसे जातात, दोन शनिवार जातात आणि काटा तसाच चढतो. मीही डेन्व्हरमध्ये माझ्या १९९१ च्या गाडीवर हेच केलं, ते पुढे येईलच. फॅनच्या सर्किटमध्ये मोजून पाच-सहा वस्तू आहेत. हातभर वायर आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर अर्ध्या तासात दोष कुठल्या टोकाला आहे ते कळतं. तोवर एकही पार्ट मागवू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

पायरी १ : दोष फॅनचाच आहे का?

गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वर धावत असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. फॅनची गरज लागते ती उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीला. म्हणून गाडी कधी तापते ते आधी नीट आठवा.

थांबल्यावर तापते आणि वेग घेतला की निवते, तर संशय फॅनवर. हायवेवर वेगात असतानाच तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. तिथे रेडिएटर आतून बुजलेला असू शकतो, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, वॉटर पंप किंवा रेडिएटरचं झाकण गेलेलं असेल. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे पुढच्या बंपरखालचा प्लास्टिकचा पत्रा. तेल बदलताना कुणीतरी काढतो आणि परत लावत नाही. तो नसला की समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून निसटते. खाली वाकून तो जागेवर आहे ना, तेवढं बघा.

डेन्व्हरहून डोंगरात जाणारा आय-७० हा रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. रविवारी संध्याकाळी परत येणाऱ्या गाड्यांची तिथे तोबा गर्दी होते. चढाला इंजिनवर जोर आणि गाडी मात्र पायी चालण्याच्या वेगाने, म्हणजे फॅनची खरी परीक्षा. खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण वेगात टाका. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. तरीही काटा चढतच राहिला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा जास्त तापून वाकलं की फॅनचा किरकोळ खर्च मोठ्या दुरुस्तीवर जातो.

पायरी २ : इंजिन पूर्ण थंड, आणि आधी कूलंट

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो, उघडताच उकळता फवारा तोंडावर येतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडा.

बाजूच्या पांढऱ्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. झाकण काढून कूलंट थेट गळ्यापर्यंत दिसतंय का ते बघा. फॅनच्या दोषाशी याचा सरळ संबंध आहे. तापमान ओळखणारा स्विच द्रवात बुडलेला असेल तरच त्याला खरं तापमान कळतं. पातळी खाली गेली किंवा तिथे हवेचा बुडबुडा अडकला, तर इंजिन तापलं तरी स्विच गप्प राहतो. सगळं सर्किट ठणठणीत असूनही फॅन लागत नाही, आणि माणूस उगाच वायरी उसवत बसतो.

हाताशी टॉर्च असेल तर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. नवी टाकी काळी असते. उष्णतेने ती आधी हिरवट-तपकिरी आणि मग चहाच्या रंगाची होते. तपकिरी झालेली टाकी ठिसूळ असते आणि आज ना उद्या वरच्या होजच्या तोंडापाशी किंवा कडेच्या शिवणीवर तडकते. तिथे वाळलेल्या कूलंटची पांढरी-हिरवी पापडी दिसली तर रेडिएटर बदलायची वेळ आली आहे. हा एक पार्ट मात्र तपासण्या पुऱ्या होण्याआधी मागवला तरी चालेल.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पायरी ३ : सर्किट डोक्यात बसवून घ्या

एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या मागे दोन फॅन असतात. एक इंजिनासाठीचा मुख्य, दुसरा एसीसोबत चालणारा. एसी नसलेल्या गाडीत एकच.

मुख्य फॅनला वीज मिळते ती फ्यूजमधून रिलेकडे (रिले म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच), रिलेतून मोटरकडे आणि मोटरमधून बॉडीच्या अर्थकडे. ही जाड वायरींची बाजू, हिला आपण ताकदीची बाजू म्हणू. रिलेला 'आता चालू हो' असं सांगणारी वायर बारीक असते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९९० ते १९९३ च्या १.६ लिटर गाड्यांत ती बारीक वायर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, थर्मोस्टॅटच्या घरात बसवलेल्या स्विचकडे जाते. कूलंट सुमारे ९७ अंश सेल्सिअसला पोचलं की स्विच ती वायर अर्थला जोडतो आणि फॅन लागतो. ९० च्या आसपास उतरलं की तोडतो. ही हुकमाची बाजू. १९९४ पासूनच्या १.८ लिटर गाड्यांत हुकूम गाडीचा कॉम्प्युटर देतो, त्याला तापमान सांगणारा सेन्सर इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो.

थर्मोस्टॅट ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि फॅन ९७ ला लागतो, त्यामुळे मधल्या काळात इंजिन गरम असूनही फॅन बंद असणं हे बरोबरच आहे. थंडीत तर गाडी वीस मिनिटं उभी राहूनही फॅन कधी कधी लागत नाही. त्याला दोष समजू नका.

डॅशबोर्डवरचा काटा या पुढच्या स्विचवर चालत नाही. त्याचा सेंडर वेगळा, इंजिनाच्या मागे. काटा बरोबर दाखवतोय म्हणून स्विचही चांगला, असा अर्थ काढता येत नाही.

पायरी ४ : एसीचं बटण दाबा

हत्यार न लागणारी पहिली चाचणी. इंजिन चालू, ब्लोअर एकवर, एसी चालू. बाहीचं टोक, ओढणी, गळ्यातली चेन, मोकळे केस सगळं दूर ठेवून बॉनेटखाली बघा. एसीची गॅस ठीक असेल तर दोन्ही फॅन फिरायला हवेत.

दोन्ही फिरले, तर मुख्य फॅनची मोटर, फ्यूज, रिले आणि अर्थ ठीक आहेत. दोष हुकमाच्या बाजूला. एकच फिरला आणि मुख्य फॅन गप्प राहिला, तर दोष ताकदीच्या बाजूला. दोन्ही गप्प राहिले तर एसीच मुळात लागत नसेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका आणि पुढे चला.

पायरी ५ : वायरचा एक तुकडा

ही चाचणी मला या गाडीतली सगळ्यात आवडती. बॉनेट उघडा. लेफ्ट-हँड-ड्राइव्ह गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्याकडे एक काळी चपटी पेटी आहे, झाकणावर 'डायग्नोसिस' असं कोरलेलं. झाकण उघडलं की आतल्या बाजूला कप्प्यांची नावं बारीक अक्षरांत छापलेली दिसतात. त्यातले आपल्याला हवेत ते दोनच, 'टीएफए' आणि 'जीएनडी'.

इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा. वायरचं एक टोक टीएफएमध्ये, दुसरं जीएनडीमध्ये खोचा. मुख्य फॅन लगेच घोंघावत सुटायला हवा. आपण इथे स्विचचं काम हाताने केलं, हुकमाची वायर अर्थला जोडली.

खोचण्याआधी नाव दोनदा वाचा. शेजारचा 'टीईएन' कप्पा टायमिंग तपासायला असतो, 'एफपी' लावला तर पेट्रोल पंप चालू होतो, आणि 'बी' अक्षराचा कप्पा थेट बॅटरीचा आहे. तो चुकून जीएनडीला जोडलात तर ठिणगी आणि जळका फ्यूज. चष्मा लागत असेल तर तो घाला, उजेडात करा.

फॅन फिरला तर पायरी ६, नाही फिरला तर पायरी ७.

पायरी ६ : टीएफएवर फॅन फिरतो, एरवी नाही

१.६ मध्ये आता स्विच, त्याचा कनेक्टर आणि मधली वायर एवढंच उरलं. आधी स्विचचा कनेक्टर बसलेला आहे का ते बघा. टायमिंग बेल्टचं काम झाल्यावर तो लावायचा राहून गेला, हे घडतं. कनेक्टर काढा आणि वायरीकडच्या पिनला वायरने इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा, इग्निशन ऑन. फॅन फिरला तर वायर चांगली आहे, स्विच मेला. नाही फिरला तर वायर मधेच कुठेतरी तुटली आहे.

काढलेला स्विच तपासायची सगळ्यांना माहीत असलेली रीत म्हणजे पाण्यात उकळून बघणं. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला स्विच, बाजूला थर्मामीटर, आणि मल्टिमीटर बीपवर. ९७ च्या सुमारास बीप वाजला पाहिजे.

माझी चूक नेमकी इथे झाली. मी ही चाचणी गॅसवर लावली. पाणी खळखळा उकळत होतं, काच वाफेने भरली होती, थर्मामीटर ९५ च्या जवळ अडकून बसला आणि बीप काही वाजेना. मी स्विचला दोषी ठरवलं, नवा मागवला, बसवला. पुढच्या रविवारी काटा पुन्हा वर. मग लक्षात आलं की डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे आणि इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. कितीही आच लावा, त्याच्या वर जातच नाही. स्विच ९७ ची वाट बघत होता, आणि ९७ येणारच नव्हतं. तो बिचारा चांगला होता.

पुण्यातसुद्धा पाणी ९८ च्या आसपास उकळतं, म्हणजे तिथेही चाचणी काठावरची. म्हणून पातेल्यात निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट घाला. हे मिश्रण शंभरीच्या वर उकळतं आणि ९७ आरामात गाठतं. फक्त पातेलं भंगारात टाकायचं असलेलं घ्या, स्वयंपाकघरातलं नको, आणि हे काम घराबाहेर करा. मिश्रण उकळेपर्यंत थांबायची गरज नाही, १०० च्या आत निकाल लागतो. गरम करताना बीप सुरू होतो कुठे आणि गार होताना बंद होतो कुठे, दोन्ही आकडे लिहून ठेवा. कूलंटमध्ये बुडवायचा तो स्विचचा धातूचा भाग, कनेक्टरची बाजू कोरडी ठेवा.

१.८ असेल तर पातेल्यातली चाचणी मागच्या दोन पिनांच्या सेन्सरची, आणि तिथे बीप नाही, ओम मोजायचे. २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओम, ८० अंशांना तीनशे-साडेतीनशे ओमच्या आसपास. आकडा गरमीबरोबर सलग उतरला पाहिजे. मधेच उड्या मारत असेल तर सेन्सर बदला. ८० अंश तर डेन्व्हरमध्येही साध्या पाण्यात मिळतात.

पायरी ७ : टीएफएवरही फॅन गप्प

आधी फ्यूज. बॉनेटखालच्या पेटीत 'कूलिंग फॅन' नावाचा फ्यूज असतो. नुसता डोळ्यांनी बघून सोडू नका, मीटरने दोन्ही टोकांना व्होल्टेज आहे का ते बघा. उडालेला असेल तर त्याच आकड्याचा बसवा. मोठा बसवलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासली आहे.

मग रिले. मदतीला कुणाला तरी घ्या. त्यांनी टीएफएमध्ये वायर लावायची-काढायची, तुम्ही रिलेवर बोट ठेवायचं. कट असा बारीक झटका बोटाला लागतो. झटका नाही, तर रिले किंवा त्याला येणारी वीज संशयित. रिले कुठला ते मॅन्युअलमधल्या आकृतीवरून नक्की करा.

झटका लागतो पण फॅन गप्प, तर मोटरच्या कनेक्टरकडे या. माझ्या गाडीत दोष इथेच होता. रिले कट-कट वाजत होता. कनेक्टर ओढला तर सहज निघेना, आणि निघाला तेव्हा एका पिनभोवतीचं पांढरट प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. पिन काळी, टोकाला हिरवी बुरशी. मला एसीच्या चाचणीतच एक फॅन गप्प दिसला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. स्विचचा त्यात काही संबंध असूच शकत नव्हता.

फॅनचे पाते आधी हाताने फिरवून बघा, इग्निशन बंद आणि किल्ली खिशात. सैल आणि गुळगुळीत फिरलं पाहिजे. खरखर आली किंवा दांडा डगमगला तर मोटरच्या आतली बुशिंग झिजली आहेत. मग कनेक्टर काढून मोटरला वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, मधे फ्यूज घातलेल्या वायरीने थेट वीज द्या. या गाडीची स्वतःची बॅटरी मागे डिकीत आहे, तिथपर्यंत वायर ओढत बसण्यापेक्षा सुटी बॅटरी सोपी. मोटर फिरली नाही आणि मागून हलकी टिचकी मारल्यावर फिरली, तर कार्बन ब्रश संपत आले आहेत. ती मोटर घरी पोचवेल, पण तिच्या भरवशावर डोंगरात जाऊ नका.

मोटर थेट विजेवर जोरात फिरते आणि गाडीत मंद फिरते किंवा फिरतच नाही, तर मधे कुठेतरी वीज खाल्ली जात आहे. फॅन चालू असताना मीटरने मोटरच्या अर्थ वायरपासून बॉडीच्या स्वच्छ धातूपर्यंत व्होल्ट मोजा. दोन-दशांशाच्या आत हवं. जास्त असेल तर अर्थचा बोल्ट उघडा, खाली रंग किंवा गंज असेल तो घासून चकचकीत करा, परत कसून आवळा. अर्थ ठीक असेल तर मोटरच्या पिनांवरचा आकडा बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर एकेक कनेक्टर उघडत मागे जा. काळा पडलेला कनेक्टर नुसता घासून चालत नाही. पिनची पकड गेलेली असते आणि ती पुन्हा तापते. नवी पिन आणि नवं घर लावा, वायर जळकी असेल तर दोन इंच मागे चांगल्या तांब्यापर्यंत कापा.

फॅन थांबतच नसेल तर

एसी बंद, इंजिन थंड आणि इग्निशन ऑन करताच फॅन फिरतो? स्विचचा कनेक्टर काढा. थांबला तर स्विच आतून चिकटला आहे. नाही थांबला तर रिले उपसा. रिले काढल्यावर थांबला तर रिलेचे काँटॅक्ट चिकटले आहेत किंवा हुकमाची वायर बॉडीला टेकली आहे. टीएफएमध्ये आधीच्या मालकाने खोचून ठेवलेला वायरचा तुकडाही असू शकतो, तो बघायला विसरू नका. चालू न होणाऱ्या स्विचवर तो उपाय करणारे असतात, तसाच डॅशबोर्डखाली लपवलेला हाताने चालवायचा स्विचही असतो. फॅन चालू करायचं एक दिवस विसरलं जातंच, म्हणून असे उपाय काढून मूळ वायरिंग परत आणा.

बाजारातला फॅन बसवलेला असेल तर

दोन वायरी उलट लागल्या तर फॅन उलटा फिरतो, आवाज तोच येतो आणि गाडी तापतच राहते. फॅन चालू असताना एक कागद पुढच्या बाजूने, बंपरच्या तोंडातून जाळीपाशी न्या. तो आत खेचला जाऊन चिकटला पाहिजे. उडून बाहेर येत असेल तर दोन वायरींची अदलाबदल करा. फॅनभोवतीची प्लास्टिकची चौकट काढून टाकलेली असेल तर ती परत मिळवा. तिच्याशिवाय फॅन फक्त पात्यांपुढच्या वर्तुळातूनच हवा ओढतो, बाकी रेडिएटर तसाच राहतो.

शेवटी उभ्या गाडीवर तपासणी

दुरुस्ती झाली की गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही. एसी बंद, हीटर बंद, इंजिन चालू ठेवून घड्याळ लावा. काटा नेहमीच्या जागी येईल, थोडा वेळ तिथेच राहील, मग फॅन आपोआप लागेल आणि मिनिटा-दोन मिनिटांनी बंद होईल. असं निदान तीनदा होऊ द्या. पहिल्यांदा लागला तेव्हा काटा कुठे होता, तो फोनने फोटो काढून ठेवा. गाडी पूर्ण गार झाली की दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पातळी पुन्हा बघा. दुरुस्तीत कूलंट काढलं असेल तर अडकलेली हवा आता बाहेर आलेली असते आणि पेलाभर तरी घालावं लागतं.